कारखान्यातील व्यवस्थापक आणि त्यांच्याशी होणारा व्यवहार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर, बुटीबोरी, तळोजा, गोकुळ शिरगाव अशा औद्योगिक वसाहतींमधील कारखान्यांत काम करणाऱ्यांसाठी आणि तेथे काम शोधणाऱ्यांसाठी आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. कारखाने अधिनियम, औद्योगिक विवाद अधिनियम, वेतन प्रदान अधिनियम हे जुने कायदे त्यांत सामावले गेले. त्यामुळे खाली जेथे कायद्याचा उल्लेख आहे, तेथे तो या संहितांचा समजावा. जुन्या कायद्याविषयी सांगायचे असेल तेथे त्याचे नाव दिले आहे.

कारखान्यात 'मॅनेजर' म्हणजे नेमका कोण?

एकाच कारखान्यात या नावाने ओळखली जाणारी पाच-सहा माणसे असू शकतात, आणि बहुतेक गैरसमज तेथूनच सुरू होतात. प्रॉडक्शन मॅनेजर उत्पादन पाहतो, मेंटेनन्स मॅनेजर यंत्रे चालू ठेवतो, क्वालिटी मॅनेजर माल पास किंवा नापास करतो, एच.आर. मॅनेजर भरती, हजेरी, पगार आणि शिस्त यांचे काम बघतो, आणि या सगळ्यांच्या वर प्लांट हेड किंवा फॅक्टरी मॅनेजर असतो. लहान कारखान्यात यांतील चार पदे एकाच माणसाकडे असतात आणि पाचवे मालकाच्या पुतण्याकडे असते.

कायद्याच्या दृष्टीने मात्र 'कारखान्याचा व्यवस्थापक' हा शब्द बराच काटेकोर होता. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने प्रत्येक कारखान्याच्या व्यवस्थापकाचे नाव निरीक्षकाच्या कार्यालयाला कळवणे बंधनकारक केले होते. व्यवस्थापक बदलला तर नवे नाव कळवावे लागत असे. कोणालाच नेमलेले नसेल, तर प्रत्यक्ष त्या जागी काम करताना आढळेल त्याला, आणि तसाही कोणी न आढळल्यास खुद्द भोगवटादाराला व्यवस्थापक मानले जाई. भोगवटादार म्हणजे कारखान्याच्या कारभारावर अंतिम ताबा असलेली व्यक्ती. कंपनीच्या बाबतीत ती संचालकांपैकी एक असे. सुरक्षिततेच्या तरतुदी मोडल्या गेल्या, तर त्या कायद्यानुसार भोगवटादार आणि व्यवस्थापक या दोघांनाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकत. साहेब हेल्मेट आणि हातमोज्यांवरून एवढा आरडाओरडा का करतात, याचे एक उत्तर या तरतुदीत आहे. दुसरे उत्तर अर्थातच माणसाच्या बोटांचे आहे, आणि चांगल्या व्यवस्थापकाला ते पहिल्यापेक्षा मोठे वाटते.

व्यवस्थापक दिवसभर करतात तरी काय? ते केबिनमध्ये बसलेलेच दिसतात.

प्रॉडक्शन मॅनेजरचा दिवस पहिल्या पाळीच्या आधी सुरू होतो. रात्रपाळीत किती नग निघाले, किती रिजेक्ट झाले, कोणते यंत्र बंद पडले आणि किती माणसे आली नाहीत, या चार प्रश्नांची उत्तरे घेऊनच त्याला सकाळच्या बैठकीत बसावे लागते. त्या बैठकीत डिस्पॅचचा माणूस ग्राहकाच्या गाडीची वेळ सांगतो, स्टोअरचा माणूस कच्चा माल कधी येईल ते सांगतो, आणि या दोन वेळांचा मेळ कसा घालायचा ते प्रॉडक्शन मॅनेजरने ठरवायचे असते. वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांत हा मेळ विशेष कठीण असतो, कारण मोठे ग्राहक फारसा साठा ठेवत नाहीत आणि पुरवठा थांबून त्यांची लाइन बंद पडली, तर तिच्या नुकसानीचा भार पुरवठादारावर टाकतात.

दुपारनंतरचा बराचसा वेळ कागदांत जातो : ग्राहकाच्या ऑडिटची तयारी, तक्रारीला द्यायचे उत्तर, पुढच्या महिन्याच्या मनुष्यबळाची मागणी, वार्षिक मूल्यमापनाचे तक्ते. केबिनमध्ये बसलेला माणूस रिकामा आहे असे गृहीत धरून आत जाणे म्हणूनच धोक्याचे असते. एच.आर. मॅनेजरचे काम याहून निराळे. त्याच्याकडे हजेरीपट, भविष्यनिर्वाह निधी (पीएफ) आणि ईएसआयसीचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, भरणे, कंत्राटदारांची बिले, युनियनशी बोलणी, कॅन्टीन आणि बसच्या तक्रारी, तसेच सरकारी कार्यालयांना पाठवायची विवरणपत्रे असतात. कामगाराला तो 'मालकाचा माणूस' वाटतो आणि मालकाला तो 'कामगारांचा कैवारी' वाटतो. दोघांनाही थोडेसे खरे वाटावे, इतपत त्याचे पदच मध्ये अडकलेले आहे.

मग कोणत्या कामासाठी कोणाकडे जावे?

हाताशी असलेले काम, यंत्र, पाळी किंवा जागा बदलून हवी असेल, तर प्रथम आपल्या सुपरवायझरकडे आणि मग विभागाच्या मॅनेजरकडे जावे. हजेरीत खाडा चुकून लागला असेल किंवा पंचिंग नोंदले गेले नसेल, तर टाइम ऑफिसकडे. पगाराच्या स्लिपमधील रक्कम, पीएफ, ईएसआयसी, रजेची शिल्लक, बढती आणि शिस्तीचे प्रश्न एच.आर.कडे. प्लांट हेडकडे थेट जाणे हा शेवटचा मार्ग ठेवावा. खालच्या माणसाला वगळून वर गेले की दोन गोष्टी घडतात : वरचा माणूस तो कागद पुन्हा खालीच पाठवतो, आणि खालचा माणूस ते लक्षात ठेवतो.

एक महत्त्वाचा भेद येथे नोंदवला पाहिजे. विभागाच्या मॅनेजरच्या हातात शिफारस असते, मंजुरी क्वचितच असते. पाळी बदलणे, दोन दिवसांची रजा देणे, प्रशिक्षणासाठी नाव सुचवणे हे तो स्वतः करू शकतो. पगारवाढ, कायम करणे, दुसऱ्या प्लांटमध्ये बदली हे त्याच्या सहीने होत नाही. जे त्याच्या हातात नाही ते त्याच्याकडे वारंवार मागितले, तर तो टाळाटाळ करू लागतो आणि मागणाऱ्याला ती आकसाने केलेली वाटते. 'यासाठी आपण शिफारस कराल का, आणि मंजुरी कोणाची लागेल?' असे सरळ विचारलेले व्यवस्थापकांना आवडते, असा आमचा अनुभव आहे.

भेटायला कोणती वेळ चांगली? हाक कशी मारावी?

पाळी बदलण्याच्या अर्ध्या तासात, ब्रेकडाऊन चालू असताना, महिनाअखेरीच्या डिस्पॅचच्या दिवसांत आणि ऑडिटच्या आठवड्यात जाऊ नये. जेवणाच्या सुट्टीनंतरचा काळ बहुधा शांत असतो. 'साहेब, पाच मिनिटे हवी होती, कधी येऊ?' असे आधी विचारून ठेवावे.

बहुतेक कारखान्यांत 'साहेब' किंवा 'सर' आणि स्त्री अधिकाऱ्यांना 'मॅडम' हीच रीत आहे. परदेशी मालकीच्या काही कंपन्यांत पहिल्या नावाने हाक मारण्याची पद्धत आणली गेली आहे. तेथेही शॉप फ्लोअरवर 'सर' टिकून आहे. जुन्या सुपरवायझरला 'मामा' किंवा 'भाऊ' म्हणणे चालते, परंतु अर्जात मात्र नाव आणि पदच लिहावे.

अर्ज कसा लिहावा?

अर्ज एका पानाचा, एका विषयाचा आणि तारीख असलेला हवा. रजा, पाळी आणि कर्ज यांच्या मागण्या एकाच कागदावर लिहिल्या, तर कागद तीन टेबलांवर फिरतो आणि कोणत्याही एका टेबलाची जबाबदारी राहत नाही. वर 'प्रति' लिहून पद आणि विभाग, त्याखाली विषय, आपले नाव, टोकन क्रमांक, विभाग आणि पाळी लिहावी. मजकुराचा पहिलाच परिच्छेद मागणीचा असावा. उदाहरणार्थ :

'महोदय, मी मशीन शॉप विभागात ऑपरेटर म्हणून काम करतो. माझ्या आईची शस्त्रक्रिया ठरली असून तिच्याजवळ थांबण्यास घरी दुसरे कोणी नाही. म्हणून येत्या सोमवारपासून पुढील दोन आठवडे मला केवळ पहिल्या पाळीत काम द्यावे, ही विनंती. या काळात माझ्या जागी दुसऱ्या पाळीत येण्यास माझ्याच विभागातील सहकारी तयार असून त्यांची संमती सोबत जोडली आहे. रुग्णालयाचे पत्र जोडले आहे.'

या अर्जात काय आहे ते पाहावे. मागणी नेमकी आहे, मुदत ठरलेली आहे, कारणाचा कागद सोबत आहे आणि व्यवस्थापकापुढे उभा राहणारा प्रश्न, म्हणजे रिकाम्या झालेल्या पाळीत कोण येणार, तो अर्जदाराने आधीच सोडवलेला आहे. घरच्या अडचणींचे लांबलचक वर्णन यांतील कोणत्याच गोष्टीची जागा घेऊ शकत नाही. 'आपला आज्ञाधारक' लिहिण्याची सक्ती कोठेही नाही. 'आपला विश्वासू' पुरेसे आहे.

अर्ज व्हॉट्सॲपवर पाठवला तर चालतो का?

ज्या कारखान्यात रजा ॲपवर किंवा ईमेलने घेतली जाते, तेथे तीच पद्धत पाळावी. सुपरवायझरला पाठवलेला व्हॉट्सॲप संदेश ही पूर्वसूचना म्हणून उपयोगी आहे, परंतु तिला मंजूर झालेली रजा समजू नये. कागदी अर्ज दिल्यास दोन प्रती कराव्यात आणि आपल्या प्रतीवर तारीख, सही आणि शिक्का, म्हणजे पोहोच, घ्यावी. कोणी पोहोच देण्यास नकार दिला, तर तोच अर्ज कार्यालयाच्या ईमेलवर पाठवावा किंवा टपालाने नोंदणी करून पाठवावा. आमच्या मते कामगारांच्या हातून होणारी सर्वांत महागडी चूक ही पोहोच न घेण्याची आहे. वर्षभराने वाद उभा राहतो तेव्हा तोंडी मिळालेली परवानगी कोणालाच आठवत नाही.

रजा मागितली की मॅनेजर नेहमी 'बघू' म्हणतात. रजा हा हक्क आहे की मेहेरबानी?

भरपगारी वार्षिक रजा हा हक्क आहे. ती कोणत्या दिवशी घ्यायची यात व्यवस्थापनाचे म्हणणे असते. जुन्या कारखाने अधिनियमात या रजेसाठी वर्षात २४० दिवस काम भरावे लागे. नव्या संहितेत ही अट १८० दिवसांवर आणली आहे. काम केलेल्या प्रत्येक २० दिवसांमागे एक दिवस, हे प्रमाण मात्र तसेच राहिले आहे. गणपती, दिवाळी आणि मे महिन्यातील लग्नसराई या काळात सगळ्यांनाच गावी जायचे असते, त्यामुळे या दिवसांसाठी अर्ज जितका लवकर तितका बरा. कोकणातला कामगार गणपतीची रजा जूनमध्येच टाकून ठेवतो.

ओव्हरटाइमला नाही म्हणता येते का?

येते. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे, जादा कामासाठी कामगाराची संमती लागते आणि त्याचा मोबदला नेहमीच्या वेतनदराच्या दुप्पट द्यावा लागतो. व्यवहारात मात्र नकार कसा दिला जातो यावर बरेच अवलंबून असते. पाळी संपायला दहा मिनिटे असताना दिलेला नकार आणि दुपारीच 'आज मला थांबता येणार नाही' असे सांगून ठेवणे यांत व्यवस्थापकाच्या दृष्टीने मोठा फरक आहे, कारण दुसऱ्या वेळी त्याला माणूस शोधायला वेळ मिळतो. जादा तासांच्या बदल्यात नुसती सुट्टी देऊन दुप्पट मोबदला बुडवण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. असे होत असेल, तर आपल्या तासांची नोंद स्वतःच्या वहीत तारखेनिशी ठेवावी आणि पगाराच्या स्लिपशी ताडून पाहावी.

मॅनेजर परस्पर दंड कापू शकतात का?

नाही. कोणत्या कृतीबद्दल दंड होऊ शकतो ते आधी जाहीर केलेले असावे लागते, कामगाराला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते आणि एका वेतनकाळातील एकूण दंड त्या काळातील वेतनाच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. 'हत्यार तुटले, पाचशे कापा' हे तोंडी फर्मान या चौकटीत बसत नाही. मालाच्या किंवा हत्याराच्या नुकसानीपोटी वसुली करायची असेल, तरी ते नुकसान कामगाराच्या निष्काळजीपणामुळे झाले असले पाहिजे आणि त्याचे म्हणणे आधी ऐकले गेले पाहिजे.

यंत्राचा गार्ड काढून काम करायला सांगितले, तर काय करावे?

आपल्या जीवाला किंवा आरोग्याला तातडीचा आणि गंभीर धोका आहे, असे मानण्यास वाजवी कारण असेल, तर ते व्यवस्थापनाच्या थेट किंवा सुरक्षा समितीच्या सदस्यामार्फत लक्षात आणून देण्याचा आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकाला कळवण्याचा अधिकार कामगाराला आहे. व्यवस्थापनाने त्यावर लगेच उपाय करायचा असतो. महाराष्ट्रात निरीक्षणाचे हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय पाहते. प्रेस शॉपमध्ये सेन्सर बंद करून नग वाढवण्याचा मोह सुपरवायझरला होतो, आणि पुष्कळदा मॅनेजरला त्याची कल्पनाही नसते. म्हणून येथे वर सांगितलेली पायरी-पायरीने जाण्याची शिस्त पाळत बसू नये. मॅनेजर, सुरक्षा अधिकारी, जो प्रथम भेटेल त्याला सांगावे आणि नंतर दोन ओळी लिहून द्याव्यात.

पगारवाढ मागायची कशी?

युनियन आणि करार असलेल्या कारखान्यात कायम कामगाराची वाढ करारातूनच ठरते. एकट्याने मागून ती मिळत नाही. करार नसलेल्या ठिकाणी मूल्यमापनाच्या दोन-तीन महिने आधी बोलावे, कारण पत्र हातात पडते तोवर वाढीची एकूण रक्कम विभागवार वाटली गेलेली असते. 'महागाई वाढली' हे कारण खरे असले, तरी ते सगळ्यांचेच असते. आपण कोणती नवी यंत्रे चालवू लागलो, रिजेक्शन किती कमी झाले, किती नव्या मुलांना शिकवले, हे आकड्यांत सांगितलेले व्यवस्थापकाला पुढच्या टेबलावर नेता येते.

तक्रार खुद्द मॅनेजरविरुद्ध असेल, तर कोणाकडे जावे?

२० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असणे बंधनकारक आहे. तिच्यात मालकाचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान असतात, सदस्य जास्तीत जास्त दहा असतात आणि स्त्री कामगारांना त्यांच्या संख्येच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. वादाचे कारण घडल्यापासून एक वर्षाच्या आत समितीकडे अर्ज करावा लागतो. समितीने ३० दिवसांत काम पूर्ण करावे, अशी अपेक्षा आहे. तिचा निर्णय मान्य नसेल किंवा तिने निर्णयच दिला नाही, तर ६० दिवसांच्या आत आपल्या युनियनमार्फत समेट अधिकाऱ्याकडे जाता येते. पुष्कळ कारखान्यांत ही समिती सूचनाफलकावरील यादीपुरती असते. तरीही तिच्याकडे अर्ज करून पोहोच घ्यावी; पुढच्या पायरीवर 'आधी समितीकडे गेला होतात का?' असे विचारले जाते.

तक्रार लैंगिक छळाची असेल, तर मार्ग वेगळा आहे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक व्यक्ती काम करतात तेथे अंतर्गत समिती असते आणि तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरील स्त्रीच असावी लागते. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करायची असते; योग्य कारण असल्यास समिती ही मुदत आणखी तीन महिन्यांनी वाढवू शकते. तक्रार मालकाविरुद्धच असेल किंवा कारखान्यात दहापेक्षा कमी माणसे असतील, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. अशी तक्रार 'आपसांत मिटवून घ्या' असे सांगून परत पाठवण्याचा अधिकार कोणत्याही व्यवस्थापकाला नाही.

तक्रार कोणतीही असो, ती घटनेची असावी, स्वभावाची नसावी. 'साहेब उद्धट आहेत' यावर समिती काही करू शकत नाही. कोणत्या तारखेला, कोणत्या पाळीत, कोणासमोर, कोणते शब्द उच्चारले गेले, हे लिहिले तर चौकशी होऊ शकते.

मेमो किंवा कारणे दाखवा नोटीस हातात दिली, तर घ्यावी का?

घ्यावी. नकार दिल्याने नोटीस रद्द होत नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन 'स्वीकारण्यास नकार' असा शेरा मारला जातो आणि प्रत घरी टपालाने येते. नोटीस घेताना फक्त 'मिळाली' असे लिहून तारीख आणि वेळ टाकावी. 'चूक मान्य' असे तेथे काहीही लिहू नये आणि कोऱ्या कागदावर सही तर कधीच करू नये. उत्तरासाठी दिलेली मुदत पाळावी. ती अपुरी असेल, तर मुदत वाढवून मागणारा अर्ज त्या मुदतीतच द्यावा.

उत्तरात प्रत्येक आरोपाला क्रमाने उत्तर द्यावे आणि जे घडलेच नाही ते स्पष्टपणे नाकारावे. आरोपपत्र देऊन खात्याची चौकशी लागली, तर मदतनीस म्हणून सहकारी किंवा युनियनचा पदाधिकारी सोबत ठेवण्याची लेखी मागणी करावी. चौकशीच्या काळात निलंबित केले गेल्यास पहिले ९० दिवस वेतनाच्या ५० टक्के आणि त्यानंतर, विलंब कामगारामुळे झालेला नसेल तर, ७५ टक्के निर्वाह भत्ता मिळतो. मेमो आला म्हणजे नोकरी गेली, अशी घबराट वसाहतींमध्ये फार आहे आणि ती बहुतेक वेळा अनाठायी असते. मोठ्या कारखान्यांत उशिरा येण्याबद्दलही मेमो दिला जातो आणि तो फाइलला लागून तेथेच संपतो.

सुपरवायझर आणि ज्युनिअर मॅनेजर यांनाही हे संरक्षण मिळते का?

सर्वांना नाही. मुख्यतः व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारी व्यक्ती औद्योगिक संबंध संहितेतील 'कामगार' या व्याख्येत येत नाही आणि दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारा पर्यवेक्षकही येत नाही. मात्र पदाचे नाव निर्णायक नसते, प्रत्यक्ष काम पाहिले जाते. 'असिस्टंट मॅनेजर' असे ओळखपत्र गळ्यात असलेली आणि दिवसभर स्वतः यंत्र चालवणारी माणसे कमी नाहीत. त्यांनी वाद झाल्यास पदनाम पाहून हक्क सोडून देऊ नयेत.

नोकरीसाठी गेटवर जाऊन मॅनेजरना भेटता येते का?

सिक्युरिटी आत सोडत नाही आणि मॅनेजर बाहेर येत नाहीत, हे खरे आहे. तरीही गेटवर बायोडेटा देण्याची पद्धत अजून चालू आहे, कारण ऑपरेटर आणि फिटरच्या जागा पुष्कळदा जाहिरातीविना भरल्या जातात. बायोडेटा एच.आर. विभागाच्या नावे पाकिटात घालून द्यावा आणि पाकिटावर ट्रेड, आयटीआयचे वर्ष आणि अनुभव ठळक लिहावा. सकाळी पाळी भरताना गर्दी असते. दहानंतर गेलेले बरे.

नुकताच आयटीआय झालेल्या उमेदवारासाठी शिकाऊ उमेदवारी हा सर्वांत खात्रीचा दरवाजा आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखालील नियमांनुसार ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना त्या संख्येच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. त्यानंतर कायम नोकरी देण्याचे बंधन कायदा घालत नाही, पण वर्षभर ज्याचे काम पाहिले आहे त्याला मॅनेजर आधी विचारतो. राज्य शासनाची २०२४ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना हाही एक मार्ग आहे. तिच्यात बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरवले गेले. ते प्रशिक्षण आहे, नेमणूक नव्हे, हे मनाशी पक्के असावे.

ओळखीशिवाय आणि पैसे दिल्याशिवाय नोकरी लागत नाही म्हणतात. खरे काय?

हा समज जुना आहे आणि त्याला इतिहास आहे. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिली कापड गिरणी स्थापन केली, आणि पुढे गिरण्या वाढल्या तशी कामगारभरती जॉबरच्या, म्हणजे माणसे आणणाऱ्या मुकादमाच्या, हाती गेली. जॉबर आपल्या गावचे आणि नात्यातले लोक आणी, त्यांच्याकडून दस्तुरी घेई, आणि त्याची मर्जी गेली की काम जाई. गिरणीच्या मॅनेजरला कामगाराचे तोंडही माहीत नसे. कामगारविषयक शाही आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबरच्या या सत्तेवर टीका करून भरतीसाठी कामगार अधिकारी नेमण्याची शिफारस केली आणि १९३५ मध्ये गिरणीमालकांच्या संघाने बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत आणली. आजचा एच.आर. विभाग बऱ्याच अंशी त्या कामगार अधिकाऱ्याचा वारस आहे.

ओळखीचा उपयोग आजही होतो, परंतु तो बायोडेटा वाचला जाण्यापुरता. कारखान्यात आधीपासून असलेल्या कामगाराने सुचवलेला माणूस टिकतो, असे व्यवस्थापक मानतात, आणि त्यात गैर काही नाही. पैसे मागणारा माणूस मात्र जॉबरच्या वाटेने जाणारा आहे. नोंदणी, गणवेश, वैद्यकीय तपासणी किंवा अनामत अशा कोणत्याही नावाने कोणी आगाऊ रक्कम मागितली, तर ती देऊ नये, आणि मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही ताब्यात ठेवू नयेत. दाखवून परत घ्यावीत.

मुलाखतीत मॅनेजर नेमके काय पाहतात?

एच.आर. आणि विभागाचा मॅनेजर वेगवेगळ्या गोष्टी पाहतात. एच.आर.ला आधीच्या नोकऱ्यांच्या तारखा, सोडण्याचे कारण, राहण्याचे ठिकाण आणि अपेक्षित पगार यांत रस असतो. उमेदवार नारायणगावहून चाकणला रोज येणार असेल, तर तो तिसऱ्या पाळीला कसा येणार, हा प्रश्न एच.आर.च्या डोक्यात असतो. त्याचे उत्तर तयार ठेवावे. विभागाचा मॅनेजर बहुधा टेबलावर एक ड्रॉइंग सरकवतो किंवा हातात व्हर्नियर देऊन माप घ्यायला सांगतो. येथे वेग महत्त्वाचा नसतो. शून्य दोष तपासून मग माप घेणारा उमेदवार पहिल्याच मिनिटात वेगळा उठून दिसतो.

जे येत नाही ते 'येत नाही, पण शिकेन' असे सांगितलेले चालते. सीएनसी चालवता येते असे सांगून प्रोग्रॅममधील ऑफसेट म्हणजे काय ते न सांगता येणे चालत नाही. आधीच्या साहेबांची निंदा करू नये. ऐकणारा मॅनेजर स्वतःला त्या खुर्चीत पाहतो. मराठीत बोलावे की इंग्रजीत, याची चिंता आयटीआय आणि पदविकेचे उमेदवार उगाच करतात. यंत्राच्या भागांची नावे इंग्रजीच असतात, बाकीचे बोलणे मराठीत किंवा हिंदीत केलेले चालते. फक्त दुसऱ्या राज्यातून आलेले मॅनेजर समोर असतील, तर कोणती भाषा चालेल ते आधी विचारून घ्यावे.

शेवटी 'तुम्हाला काही विचारायचे आहे का?' असे म्हटले जाते तेव्हा गप्प राहू नये. नोकरी कंपनीच्या नावावर आहे की कंत्राटदाराच्या, पाळ्या किती, हातात येणारा पगार किती आणि प्रशिक्षणाचा काळ किती, हे चार प्रश्न विचारणे उद्धटपणाचे नाही.

नेमणूकपत्र दिलेच नाही, तर?

नव्या संहितेनुसार प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे. रुजू झाल्यावर ते मिळाले नाही, तर एच.आर.कडे एक लेखी विनंती द्यावी. तोवर ओळखपत्र, पगार जमा झाल्याचे बँकेतील तपशील आणि पीएफचा यूएएन क्रमांक जपून ठेवावेत. नोकरी होती हे सिद्ध करण्यास तेही उपयोगी पडतात.

मी कंत्राटदाराचा कामगार आहे. कंपनीचा मॅनेजर माझा कोण?

रोजचे काम तो सांगतो, पण कागदावर कामगार कंत्राटदाराचा असतो, आणि या दुहेरीपणात सगळी अडचण आहे. रजा, पगार आणि पीएफ यांसाठी प्रथम कंत्राटदाराच्या सुपरवायझरकडे जावे. कंत्राटदाराने वेतन बुडवले, तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे कंपनीवर येते. त्यामुळे अशा वेळी कंपनीच्या एच.आर. मॅनेजरला लेखी कळवणे अगदी योग्य आहे, आणि अनुभवी मॅनेजर अशा पत्राकडे दुर्लक्ष करत नाहीत. ते कंत्राटदाराचे पुढचे बिल रोखून धरतात.

राजीनामा द्यायचा आहे. मॅनेजर स्वीकारत नाहीत.

राजीनामा लेखी द्यावा, त्यात शेवटच्या दिवसाची तारीख लिहावी आणि नेमणूकपत्रातील नोटिशीची मुदत पाळावी. सही करायला साहेब तयार नसतील, तर ईमेलने पाठवावा. रागाच्या भरात गेटबाहेर पडून परत न जाणे हा वसाहतींमधील सर्वांत प्रचलित राजीनामा आहे आणि सर्वांत तोट्याचाही, कारण त्यानंतर गैरहजेरीची नोटीस निघते आणि हिशेब अडकतो.

नोकरी संपल्यावर वेतनाचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करावा, असे वेतन संहिता सांगते. ग्रॅच्युइटी लागू असेल, तर ती देय झाल्यापासून ३० दिवसांत मिळाली पाहिजे. हत्यारे, लॉकरची किल्ली, गणवेश आणि ओळखपत्र परत केल्याची सही प्रत्येक विभागाकडून घेऊन ठेवावी. अनुभवपत्र आणि कार्यमुक्तीचे पत्र यांची मागणी राजीनाम्यातच लिहावी, आणि अनुभवपत्रात पदनामाबरोबर कोणती यंत्रे चालवली त्यांची नावे घालण्याची विनंती करावी. पुढच्या कारखान्यातील मॅनेजर तीच ओळ आधी वाचतो.